पावसाआधीची वाट

मे महिना अर्ध्यावर आला की मुंबईच्या उपनगरांतल्या डोंगरवाटांवर फुफाटा साचतो. तो इतका बारीक असतो की त्यावरून गेलेल्या प्रत्येकाची हजेरी लागते. सायकलच्या रुंद टायरच्या गाठी, म्हशीचे खूर, एका बाजूने झिजलेली रबरी चप्पल, मुंगसाच्या पावलांची तुटक रांग, आणि अधूनमधून बिबट्याचा पंजा: मागे तळव्याची गादी, पुढे चार बोटे. नखे उमटलेली नसतात; उमटली असतील तर तो बहुधा कुत्रा. कोण आधी गेले आणि कोण नंतर, हेही वाचता येते. पंजा टायरच्या नक्षीवर पडला असेल तर आदल्या संध्याकाळी सायकली परतल्यावर बिबट्या इथून गेला. टायर पंज्यावरून गेला असेल तर पहाटेच्या पहिल्या सायकलवाल्याने खाली न बघताच ती खूण अर्धी पुसली. रविवारी सकाळी सातनंतर बहुतेक वेळा दुसरा प्रकारच आढळतो.

या वाटा ज्या डोंगरांत आहेत त्यांना मुंबईकर सरसकट ‘नॅशनल पार्क’ म्हणतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर. पश्चिमेला दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. पूर्वेला ठाण्याचे येऊर, मग मुलुंड आणि भांडुप. दक्षिणेला आरे, विहार, पवई. दोन्ही अंगांना लोकलचे रूळ आणि मध्ये हा डोंगर. बोरिवलीकराचा सूर्य त्याच्यामागून उगवतो, मुलुंडकराचा त्याच्यामागे मावळतो. सर्वांत उंच जागा जांभूळमाळ, ४६८ मीटर. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला ही उंची टेकडीचीच वाटेल. पण इथे चढाई सुरू होते ती खरोखरच समुद्राच्या काठावरून, त्यामुळे तिच्यात फुकटचे काही नाही. अंधेरी आणि घाटकोपरच्या वाट्याला मात्र डोंगर फारसा उरलेला नाही. अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे, काळ्या बेसॉल्टचा साठेक मीटर उंच सरळसोट खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आता चहूबाजूंनी घरे अगदी पायथ्याला टेकलेली. वर गावदेवीचे देऊळ, जायला पायऱ्या. सायकलला तिथे काम नाही. घाटकोपरच्या टेकड्यांवर वस्ती केव्हाच चढली. त्यामुळे अंधेरीचा सायकलवाला मरोळवरून आरेत शिरतो आणि घाटकोपरचा एलबीएस मार्गाने मुलुंड गाठतो. पहिले काही किलोमीटर डांबर, दिवे, भुंकणारी कुत्री आणि रस्ता झाडणारे पालिकेचे कामगार. डोंगर नंतर.

यातली एकही वाट सायकलसाठी काढलेली नाही. काही वाटा पाड्यांच्या आहेत: वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांच्या ये-जा करण्याच्या, सरपणाच्या, पाण्याच्या, आणि वाघोबाच्या ठाण्याकडे जाणाऱ्या. काही ढोरवाटा आहेत. १९५१ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि शहराच्या दुधासाठी आलेल्या म्हशींनी गोठ्याभोवतालच्या माळांवर आपापल्या रेषा पाडल्या. काही पाणीखात्याच्या आहेत. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली, आणि तलाव म्हटला की बांधावर जाणारी पायवाट, झडपांकडे जाणारी पायवाट, पाहणीला येणाऱ्या साहेबासाठी जरा रुंद वाट, हे सगळे ओघाने आलेच. दादरचा तुळशी पाइप रोड आपले नाव याच डोंगरातून घेऊन गेला. मालाड-कांदिवलीकडे दगडाच्या खाणी होत्या. मालाडचा तो पिवळसर दगड आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत दिसतो, आणि तो ज्या गाडीवाटांनी खाली आला त्यांतल्या काही आता गवताखाली आहेत. उरल्या त्या वनखात्याच्या जाळरेषा, म्हणजे वणवा एका बाजूकडून दुसरीकडे उडी मारू नये म्हणून गवत काढून, जाळून मोकळे ठेवलेले पट्टे. सायकलवाला या सगळ्यांनंतर आला. त्याच्याकडे वाटेचा सातबारा नाही, आणि तो असल्यासारखे काहीजण वागतात ही या छंदाची जुनी खोड आहे.

कुठे चाक घालायचे आणि कुठे नाही, हेही त्यामुळे ठरलेले आहे. बोरिवलीच्या फाटकातून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. तिथे सायकल चालते, आत भाड्यानेही मिळते, आणि शेवटचा चढ नवशिक्याची हौस बरोबर मोजून घेतो. आतल्या पायवाटांवर मात्र परवानगीवाचून पायीही जाता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत तो ढिला नाही. आरेतही ८०० एकरांहून अधिक जमीन आता राखीव वन आहे. मातीवर चाक चालवायचे ते आरेच्या उरलेल्या माळांवर, गोठ्यांमागच्या कच्च्या रस्त्यांवर, येऊरच्या वस्तीजवळच्या वाटांवर, मुलुंडच्या डोंगरकडेच्या सोसायट्यांमागे. जागा थोडी, माणसे फार. मुंबईत हे कशाला लागू नाही?

डोंगरी सायकलीचा जन्मही असाच दुसऱ्यासाठी काढलेल्या वाटेवर झाला. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात वणवा विझवणाऱ्यांसाठी काढलेला एक उतरता रस्ता होता. १९७६ सालापासून काही तरुण तिथे जुन्या, जड, एका गिअरच्या सायकलींच्या शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसात असे आणि खाली पोहोचेपर्यंत त्यातले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढे वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, हा खेळ पदकांच्या यादीत आला. इकडे महाराष्ट्रात मात्र कच्च्या रस्त्यावर सायकल घालण्याला कोणी खेळ म्हटले नव्हते. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून येणारा दूधवाला, पोस्टमन, तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले, सगळे खडीवरून आणि गाडीरस्त्याच्या चाकोरीतूनच जात. १९२३ साली मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघालेल्या, आणि ज्यांच्यापैकी तिघेजण १९२८ मध्ये परतले त्या पारशी तरुणांच्या सायकलींनाही सस्पेन्शन नव्हते. नवे आले ते एवढेच: पुढच्या फोर्कमध्ये दाबला जाणारा दांडा, दोन इंचांहून रुंद टायर आणि पावसातही धरणारा डिस्क ब्रेक. हवा मात्र कमी भरायची. शहरी रस्त्याच्या सायकलीत टायर दगडासारखा घट्ट लागतो. इथे तीसेक पौंड पुरे, म्हणजे टायर खड्याला बिलगतो. जुने सायकल दुकानदार हा हिशेब ऐकून मान हलवतात आणि सवयीने पन्नास भरून देतात.

उन्हाळाच का, हा प्रश्न मुंबईत रास्त आहे. मे महिन्यात सकाळी आठ वाजता पाठीवरचा शर्ट पिळून काढता येतो. थंडी अर्थातच बरी. पण थंडीत वाटेच्या दोन्ही बाजूंना वाळलेले गवत कमरेएवढे उभे असते आणि वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. उन्हाळ्यात डोंगर उघडा पडतो. साग निष्पर्ण, कारवीच्या नुसत्या काठ्या, कहांडळाचे पांढुरके खोड दुरूनही ओळखू येणारे. कातळ कुठे आहे, ओघळ कुठून उतरतो, कोणत्या वाटेचा कुठे फाटा फुटतो, हे सगळे या दोन-तीन महिन्यांतच नीट कळते. पळस आणि पांगारा मार्चमध्ये आटोपतात. एप्रिलमध्ये कुसुंबाची तांबडी पालवी वाऱ्याला लागते, बहावा पिवळा होतो, कुड्याला पांढरी फुले येतात, आणि मे उजाडला की करवंदाच्या जाळीजवळ प्रत्येक सायकल काही ना काही कारणाने बिघडते.

निघायची वेळ म्हणून उजेडाआधीची. डोंगराच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत झुंजूमुंजू व्हायला हवे, फार आधीही नको; अंधारात मातीच्या वाटेला लागायचे नाही हा नियम बिबट्याच्या सोयीसाठी आहे आणि सायकलवाल्याच्याही. एकट्याने जायचे नाही, हा दुसरा. पुढे असतो तो लीड, शेवटी टेल, ही भाषा ट्रेकिंगवाल्यांकडून आली. अरुंद वाटेवर शेजारी-शेजारी चालवता येत नाही, त्यामुळे या मैत्रीत सलग संभाषण नसते. पुढचा ओरडतो, “दगड!” मागचा तोच शब्द त्याच्या मागच्याकडे सरकवतो. “म्हैस!” “काच!” “आज्जी येतायत, थांबा!” हा शेवटचा निरोप आला की सगळी रांग सायकली उतारावर टेकवून वाट सोडते, डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली बाई न थांबता पुढे जाते, आणि तिच्या मागून येणारी नात घंटी वाजवून बघू का म्हणून विचारते. खरे बोलणे होते ते पंक्चरच्या वेळी. बोरीचा किंवा बाभळीचा काटा टायरात अर्धा मोडलेला असतो. तो न काढता नवी ट्यूब घातली तर तीही जाते, म्हणून टायरच्या आतून बोटाची पेरे हलकेच फिरवत तो शोधायचा. हे काम एकाचे. बाकीचे सावलीत बसून नोकरी, मुलांच्या शाळा, कोणाच्या तरी वडिलांचा गुडघा आणि सोसायटीचा पुनर्विकास यांवर बोलतात. पुनर्विकास हा विषय निघाला की पंक्चर लवकर निघते.

चढाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गिअर हलका करायचा, खोगिरावर जरा पुढे सरकायचे आणि दमाने जायचे. उतार मात्र तपशिलाने सांगण्याजोगा. उन्हाळ्यातली मुंबईची डोंगरवाट म्हणजे घट्ट मुरुमावर पसरलेले सुटे खडे. ट्रेकिंगवाले याला घसारा म्हणतात आणि चालतानाही त्याला वचकून असतात. इथे खोगिरावरून उठावे लागते, कोपर आणि गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर समान, टाचा किंचित खाली. ब्रेकवर एकेकच बोट. पुढचा ब्रेक जास्त धरतो म्हणून नवशिक्या त्याला घाबरतो आणि मागचाच करकचून आवळतो. चाक फिरायचे थांबते, सायकल मात्र थांबत नाही, आणि टायर मातीत लांबलचक खाचर ओढत जातो. जाणकार त्याआधीच, सरळ आणि घट्ट जागेवर वेग कमी करून घेतो आणि घसाऱ्यावर चाकांना फिरू देतो. आणि नजर दगडावर ठेवायची नाही, दोन दगडांमधल्या फटीवर ठेवायची. ज्या दगडाकडे टक लावून बघावे, चाक हमखास त्याच्यावरच जाते.

ती ओढलेली खाचर हा या लेखातला खरा मुद्दा आहे. बोटभर खोल, हातभर लांब, उताराच्या दिशेने. मे महिन्यात ती निरुपद्रवी दिसते. मुंबईचा वर्षाचा पाऊस दोन हजार मिलीमीटरहून अधिक, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला. हे पाणी डोंगरावरून खाली येताना सोपी वाट शोधते, आणि खाचर म्हणजे आयता पाट. जूनमध्ये त्यातून बोटभर धार वाहते, जुलैत ती माती नेऊ लागते, ऑगस्टमध्ये मुरूम जातो आणि खाली दगड उघडे पडतात. पुढच्या हंगामात सायकलवाल्यांना त्या दगडांतून जाणे नको वाटते, म्हणून ते कडेने जातात. कडेला नवी वाट पडते, तिथली रोपे मरतात, मग तिलाही खाचर. पाच-सहा वर्षांत पावलाएवढ्या वाटेच्या जागी ट्रक जाईल एवढी घळ झालेली दिसते. दोष चाकाचा किती आणि पाण्याचा किती, यावर मित्रमंडळींत दर रविवारी वाद होतो. म्हशींचे नावही त्यात येते. म्हशी गैरहजर असल्यामुळे त्यांची बाजू कोणी मांडत नाही.

म्हणून उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारचा एक भाग डागडुजीचा असतो. हे श्रमदान ‘वाट दुरुस्त करणे’ या नावाने चालते, पण वाटेला हात लावण्याचे काम त्यात कमीच. बहुतेक काम पाण्याचे असते, आणि तेही पाणी नसताना. फेब्रुवारीत कोरड्या पडलेल्या ओघळाशेजारी उभे राहून जुलैतला लोंढा कुठून येईल हे ठरवायचे. खुणा असतात. झुडपांच्या बुडाशी अडकलेला पालापाचोळा पाण्याची पातळी सांगतो. बारीक वाळू जिथे साठली तिथे पाणी मंदावले होते. नुसते खडे उरले तिथे ते धावत होते. जगभरच्या वाटा राखणाऱ्यांचा एक ठोकताळा इथेही लागू पडतो: वाटेचा चढ डोंगराच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. जास्त झाला की पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटेलाच लागते. दुसरा ठोकताळा: वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता हवा, शेकडा पाचच्या आसपास, म्हणजे आलेले पाणी पसरून निघून जाते. माणसांच्या पायांनी आणि चाकांनी मधला भाग दबतो, बाहेरची कड उंच राहते, आणि वाटेचे पन्हळ होते. ती उंच झालेली कड फावड्याने काढून टाकणे, हे डागडुजीतले सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी काम आहे. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसल्यामुळे ते सहसा राहून जाते.

ज्या वाटा मुळातच सरळ उतारावर आहेत, आणि ढोरवाटा बऱ्याचदा तशाच असतात, तिथे आडवा चर घ्यावा लागतो. साहित्य पाड्यात मागून मिळण्याजोगे: कुदळ, टिकाव, फावडे, पहार, दोन घमेली. वाटेला काटकोनात चर घेतला तर त्यात गाळ बसून तो पहिल्या आठवड्यातच भरतो. म्हणून तो तिरपा, खालच्या टोकाकडे उतरता. रुंदी दोन पावले. चरातून निघालेली माती उतारावर भिरकावायची नाही, खालच्या काठाला थापून तिचा बुटका बांध करायचा, आणि पाण्याचा मारा जिथे बसेल तिथे दगड लावायचा. दगड लावणे हे या सगळ्यातले कसबाचे काम. दिसतो तसा आडवा ठेवला तर तो पहिल्याच चाकाखाली डोलतो. त्याचा मोठा भाग जमिनीत जायला हवा, तोंड वाहत्या पाण्याकडे, आणि शेजारच्या दगडाशी तो असा बसायला हवा की मधल्या फटीत चिपा ठोकल्यावर हलणार नाही. कार्यालयात संगणकापुढे बसणारी माणसे हे शिकायला वेळ घेतात. पाड्यातला एखादा म्हातारा उभ्या उभ्या थोडा वेळ बघतो, मग काही न बोलता पहार हातात घेतो, दगड उलटा करतो, आणि तो बसतो. त्याच्या घरामागचा गडगा तसाच उभा आहे. मग परीक्षा. पिण्याच्या बाटलीतले पाणी चराच्या वरच्या बाजूला वाटेवर ओतायचे. आधी ते फुफाट्यात गोळा होते, धुळीची साय घेऊन इंचभर सरकते, घुटमळते. चराच्या कडेला येते आणि वळते. नाही वळले तर चर पुन्हा खोदायचा. या परीक्षेला पाणी राखून ठेवावे लागते, आणि तहानलेल्या माणसांत त्यावरून कुरबुर होते.

पाणी वळवण्याची ही विद्या या डोंगरात नवी नाही. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, इसवीसनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे कोरली गेलेली. बघणारे मोठा चैत्य आणि बुद्धमूर्ती बघून परततात. पण एखाद्या लेण्याच्या बाहेर उभे राहून कपाळाच्या वर बघितले तर कातळात कोरलेली पन्हळ दिसते: माथ्यावरून येणारे पाणी दारावर पडू न देता बाजूला नेणारी, आणि तिथून टाकीत सोडणारी. लेण्यापाठोपाठ टाकी, टाकीपाठोपाठ पन्हळ. टाक्या दान दिल्याच्या नोंदी तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत आहेत. भिक्षूंना आठ कोरडे महिने काढायचे होते, त्यामुळे पाणी साठवणे ही त्यांची गरज. सायकलवाल्यांना ते फक्त वाटेवरून हटवायचे असते. हेतू वेगळे असले तरी कोन तोच, तिरपा आणि मंद. कातळात छिन्नीने तो साधणे म्हणजे काय, हे मुरुमात कुदळीने तो चुकवलेल्या माणसाला जास्त कळते.

डागडुजीतले काही नियम न करण्याचे आहेत. पाचोळा झाडून काढायचा नाही. उताराच्या वाटेवर तोच पावसाचा पहिला मारा अंगावर घेतो. फक्त जाळरेषेवरचा पाचोळा काढतात, आणि ते काम वनखात्याचे. फांदी आडवी आली तर आधी वाकून जाता येते का बघायचे. पडलेले झाड हलवायचे नाही, रीतसर विचारल्याशिवाय तर नाहीच. दगडाखाली हात घालायचा नाही: फुरसे दगडाच्या रंगाचे असते, आणि विंचू तर हमखास. आरेच्या नावावरून ‘लायकस आरेएन्सिस’ असे शास्त्रीय नाव मिळालेली विंचवाची एक जात याच भागातली आहे. पहारीने दगड उलटल्यावर दिसला तर त्याला त्याची जागा परत द्यायची, कारण दगड दुसराही मिळतो. विडी-सिगारेट नाही. काडीपेटीसुद्धा नको, मे महिन्यातल्या गवताला निमित्त लागत नाही.

आणि काच. हिच्याबद्दल कोणत्याही देशातल्या वाटा राखण्याच्या पुस्तकात फारसे सापडणार नाही, पण आरे आणि येऊरच्या वाटांवर फावड्यापेक्षा पोते जास्त लागते. शनिवारी रात्री गाडी जिथपर्यंत येते तिथून शंभर पावलांपर्यंत बाटल्यांचा खच, बहुतेक फोडलेल्या. का फोडतात याचे उत्तर मिळालेले नाही. टायर कापला तर बदलता येतो. पाड्यातली पोरे तिथून अनवाणी जातात आणि सांबरही. काच वेचणाऱ्यांचा दिवस कंटाळवाणा, पाठ मोडणारा आणि वजनदार असतो. त्या दिवशी येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर येते, आणि मित्र कोण आणि नुसते सायकलवाले कोण हे उन्हाळ्यातून एकदा असे कळत राहते.

मित्रांत आणखी एक वाद आहे, आणि तो मिटण्याजोगा नाही. वाटेतला अवघड दगड काढायचा की ठेवायचा? काहींच्या मते दगड काढला की वाट सर्वांची होते, मुलांना आणता येते. इतरांचे म्हणणे, तो दगड म्हणजेच वाट. तो काढला तर वेग वाढेल, वेग वाढला की ब्रेक, ब्रेक म्हणजे खाचर. शिवाय समोरून सरपण घेऊन येणारीला दगडाचा त्रास नाही, वेगाचा आहे. दुसऱ्या बाजूत तथ्य जास्त आहे. पण ती मांडणारे बहुधा तो दगड सफाईने पार करणारे असतात, हेही नोंदवायला हवे. हा वाद चालतो त्याच डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे जायचे आहेत, जवळजवळ पाच किलोमीटर लांबीचे. ठाणे-बोरिवलीचे त्याहून लांब. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे दोन-तीन दिवसांत कापली गेली. वर पावलाएवढ्या वाटेवरचा एक दगड हलवावा की नाही यावर सहा माणसे अर्धा तास घालवतात. दोन्हींतले प्रमाण बघून हसू येणे साहजिक आहे. तरी ते सहाजण त्या दगडाच्या खालची माती, वरचा ओघळ आणि डावीकडचे बारतोंडीचे रोप यांच्याबद्दल जे जाणतात, ते कुठल्याही प्रकल्प अहवालात येत नाही.

काम संपवायची तारीख डोंगर ठरवतो. रिवाज जूनच्या पहिल्या आठवड्याचा. पावशा ओरडू लागला, नवरंग दिसला, सकाळच्या वाऱ्याने दिशा बदलली की अवजारे परत द्यायची. पण हिशेब चुकतो. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, नोंदी ठेवल्या जात असल्यापासूनचा सर्वांत लवकर, आणि अर्धे खोदलेले चर तसेच राहिले. अर्धा चर न खोदलेल्या चरापेक्षा वाईट. पाणी त्यात येते आणि बाहेर पडायला जागा नसते. पहिल्या सरीनंतर मातीवर चाक नेत नाहीत. ओल्या मुरुमात टायर रुततो आणि एका फेरीत सबंध उन्हाळ्याचे काम उखडतो. रूढ कसोटी अंगठ्याची: वाटेत अंगठा दाबला आणि पहिले पेर आत गेले तर त्या दिवशी डांबरी रस्ता. ऑगस्टपर्यंत बहुतेक वाटा हिरवळीत नाहीशा होतात. कारवी दर आठ वर्षांनी फुलते. २०१६ आणि २०२४ ला ती फुलली तेव्हा वाटा शोधणारेच जास्त आले, आणि त्यांच्या पायांचे चर अजून बुजलेले नाहीत.

पाऊस सरला की दसऱ्यानंतर, वाघबारशीच्या आसपास, पाडे आपल्या वाघोबाची पूजा करतात आणि सायकलवाले आपल्या चरांची पाहणी. गाळाने भरलेला चर बघून नवखा हिरमुसतो. पण चर भरला म्हणजे तेवढी माती वाटेवरून खाली गेली नाही. रिकामा आणि धुतलेला चर जास्त काळजीचा. गाळ फावड्याने उपसून घमेल्यात भरतात आणि ज्या वरच्या वळणावरून तो आला असेल तिथे नेऊन ठोकून बसवतात. ते वळण नक्की कोणते, यावर दोघांचे एकमत झाले तर एक फेरी पुरते. नाही झाले, तर दोन्ही वळणांवर थोडी थोडी टाकून पुढच्या पावसाकडे बघायचे.